वैयक्तिक कारणास्तव

राजीनाम्याचा मसुदा मला झोपेतसुद्धा म्हणता येतो. ‘महोदय, मी आपल्या संस्थेत अमुक पदावर काम करीत आहे. वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा स्वखुशीने देत आहे. माझी संस्थेविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. तरी राजीनामा मंजूर व्हावा, ही नम्र विनंती.’ मराठी टायपिंग मशीनवर हा मजकूर मी तीन मिनिटांच्या आत काढत असे, तोही कार्बन लावून तीन प्रतींत, एकही खाडाखोड न करता. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला कागद माझ्या दुकानातून बाहेर गेला नाही, हे मी आजही छाती ठोकून सांगतो. कागदात दुसरं काय काय चुकलं, ते सांगायला मात्र मला बरीच वर्षं लागली.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका बोळात, इमारतीच्या जिन्याखाली माझं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक मशीन, गिऱ्हाइकासाठी बाकडं आणि पावसाळ्यात वरून टांगलेलं प्लॅस्टिक. लोक मला मामा म्हणायचे. वकील, पोलीस, एकमेकांशी भांडायला आलेले दोन्ही पक्ष, सगळ्यांचा मी मामाच. टेबलावर जाड काच होती आणि काचेखाली नमुने लावलेले होते: प्रतिज्ञापत्र, दाखला हरवल्याचा अर्ज, रजेचा अर्ज, राजीनामा. गिऱ्हाइकानं नमुन्यावर बोट ठेवायचं, मी नाव-गाव विचारायचं आणि मशीन सुरू करायचं. इतर टायपिस्टांकडे माणसं तासभर आपलं रडगाणं गात बसत, माझ्याकडे दहा मिनिटांत मोकळी होत. या झटपट कामाचा मला फार अभिमान होता.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘साहेब त्रास देत असेल तर कामगारानं काय करावं’ यावर लिहायला सांगितलं. मी म्हटलं, अहो, मी वकील नाही. ते म्हणाले, म्हणूनच तुम्ही लिहा, वकिलाचं लिहिलेलं कळायला आम्हाला दुसरा वकील लागतो. मग ठरवलं, कायदा जेवढा मला कळला तेवढाच सांगायचा आणि तो मला ज्या बाईमुळे कळला तिच्यासकट सांगायचा.

तिचं नाव छबूबाई. माहेर-सासर दोन्ही सांगोल्याकडचं, मेंढरं राखणारं घर. नवऱ्यामागं दोन मुली घेऊन सोलापुरात आली आणि एका खासगी दवाखान्यात आया म्हणून लागली. तो दवाखाना आता नाही, तेव्हा नाव सांगण्याची गरज नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची अंघोळ, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं ही तिची कामं. पेशंट तिला नावानं हाक मारून बोलवायचे, असं तिथल्याच एका नर्सनं मला नंतर सांगितलं.

ती पहिल्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हा कडक ऊन होतं. हातात पिशवी, डोक्यावर पदर. बाकड्यावर बसली आणि म्हणाली, राजीनामा लिवून पायजे. मी काचेखालच्या नमुन्याकडे बोट दाखवलं. तिला वाचायला वेळ लागत होता, चौथीपर्यंतच शिकलेली. मी मशीनला कागद लावला आणि नाव विचारलं. नाव सांगून झाल्यावर ती बोलू लागली, “मामा, त्ये आमचे मॅनेजर सायेब हायत न्हवं, त्येनी...”

मी तिला तिथंच थांबवलं. मी म्हटलं, कारण लिहायचं नसतं, बाई. कारण लिहिलं की अनुभवाचा दाखला देत नाहीत, पुढची नोकरी अडते. सगळे असंच लिहितात.

हे मी वाईट हेतूनं म्हटलं नाही. तेव्हा मला तो शहाणपणाचा सल्ला वाटत होता आणि तो मी शेकडो लोकांना फुकट दिला होता. तिनं मान हलवली. मी मशीन बडवलं. तिनं तीन प्रतींवर सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली आणि निघून गेली.

चार-पाच महिन्यांनी ती पुन्हा दिसली, ती माझ्या डोक्यावरच्या जिन्यात. वरच्या मजल्यावर एका वकीलबाईंचं ऑफिस होतं. कामगारांचे खटले त्या चालवत. कुणीतरी छबूबाईला त्यांच्याकडे पाठवलं होतं. वकीलबाईंनी कामगार न्यायालयात दावा लावला, दाव्याचा मसुदा माझ्याकडेच टायपिंगला आला. त्यात लिहिलं होतं की मॅनेजरनं ‘अपमानास्पद वागणूक’ दिली आणि ‘उद्या राजीनामा घेऊन ये, नाहीतर औषधं चोरल्याचा आळ घालीन’ अशी धमकी दिली. धमकी देऊन घेतलेला राजीनामा हा राजीनामा नसतो, ते कामावरून काढणंच असतं, असं कायदा म्हणतो. फक्त ते सिद्ध करायची जबाबदारी कामगारावर असते. टाईप करता करता मी तिला थांबवलं होतं ते आठवलं, पण मी स्वतःला समजावलं की कोर्ट काय ते बघेल.

तिच्या उलटतपासणीच्या दिवशी मी मुद्दाम कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसलो. दवाखान्याच्या वकिलानं फार काही विचारलं नाही. ही सही तुमचीच का? व्हय. हा कागद दवाखान्यानं तुम्हाला दिला का? न्हाय. तुम्ही स्वतः बाजारात जाऊन टाईप करून आणला का? व्हय. टाईप करणाऱ्यानं तुम्हाला धमकी दिली होती का? न्हाय. मग त्यानं माझ्या मजकुरातले तीन तुकडे मोठ्यानं वाचून दाखवले. ‘वैयक्तिक कारणास्तव.’ ‘स्वखुशीने.’ ‘कोणतीही तक्रार नाही.’ इतक्या स्पष्ट उच्चारात माझा मजकूर कुणी कधी वाचला नव्हता.

दावा फेटाळला गेला. मॅनेजरची माणसं साक्षीला त्याच्या बाजूनं उभी राहिली, छबूबाईच्या बाजूनं कुणी आलं नाही. अपील करायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. कोर्टाच्या पायऱ्यांवर ती माझ्याजवळ आली. ती शिव्या देईल म्हणून मी तयारच होतो, दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “मामा, मी तसं म्हनलं न्हवतं की.”

मी घरी गेलो आणि दोन दिवस दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी काच उचलून राजीनाम्याचा नमुना काढला आणि फाडला. इतकी वर्षं कागद होता तिथं टेबलाचं लाकूड उजळ राहिलं होतं. तिथं दुसरा नमुना मी लावला नाही.

त्यानंतर माझ्या दुकानाची चाल बदलली. राजीनामा टाईप करायला आलेल्या माणसाला मी आधी विचारू लागलो: का सोडताय? माणूस म्हणाला की दुसरी नोकरी लागली, लग्न ठरलं, गावाला जायचंय, तर सरळ टाईप करून द्यायचं. पण माणूस गप्प झाला, किंवा ‘तसं काही नाही’ म्हणाला, की मशीनवरचे हात मागे घ्यायचे आणि तीन गोष्टी विचारायच्या. तो नक्की काय म्हणाला, शब्द सांगा. कुठं आणि कधी म्हणाला? तेव्हा ऐकायला कोण होतं? हे तीन प्रश्न मला वरच्या वकीलबाईंनी शिकवले. त्या म्हणाल्या, मामा, ‘अर्वाच्य शिवीगाळ केली’ हे वाक्य मी पंचवीस वर्षं वाचतेय, त्यातून कुठल्याच साहेबाला काही झालेलं मी पाहिलं नाही.

शब्द जसाच्या तसा लिहायचा या हट्टापायी एकदा माझी फजितीही झाली. अक्कलकोटकडचा एक ड्रायव्हर आला. त्याचा साहेब त्याला कानडीत शिव्या द्यायचा. आमच्या घरातही कानडीच बोलतात, त्यामुळे मी ती शिवी देवनागरीत अगदी शुद्ध लिहिली. त्याच्याबरोबर मीही कामगार कार्यालयात गेलो, तिथल्या अधिकारी बाईंनी अर्ज वाचला आणि विचारलं, याचा अर्थ काय? ड्रायव्हर माझ्याकडे बघू लागला. मी घसा साफ केला आणि म्हटलं, मॅडम, याचा संबंध यांच्या मातोश्रींशी आणि एका जनावराशी आहे. बाईंनी क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, पुढचं वाचा. त्या साहेबाला मात्र बोलावणं गेलं आणि तो ड्रायव्हर आजही त्याच नोकरीत आहे.

आता थोडं कायद्याचं, माझ्या भाषेत. पहिली गोष्ट म्हणजे साहेब नुसता रागीट आहे, तोंडाचा फटकळ आहे, यासाठी कायद्यात कलम नाही. मलाही ते ऐकून वाईट वाटलं होतं. पण साहेब कशासाठी आणि कसा वागतो, त्यावर दारं उघडतात. खोटा आळ घालून किंवा छळ करून कामावरून घालवलं, तर कामगार कार्यालय आणि कामगार न्यायालय आहे. मारण्याची, जिवाची धमकी दिली, अंगावर हात टाकला, तर पोलीस ठाणं आहे. बाईमाणसाशी लगट केली, घाणेरडं बोलला, नको तिथं हात ठेवला, तर दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. ती नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मात्र तिथं तीन महिन्यांच्या आत जावं, उशीर झाला तर त्याचं कारण द्यावं लागतं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा कोर्टातच मोफत वकील देणारं कार्यालय आहे, बायकांना तो मिळकत न बघता मिळतो. ही शेवटची गोष्ट मी जेवढ्या बायकांना सांगितली, त्यातल्या निम्म्यांना वाटलं की मामा थट्टा करतोय.

आणि एक कडू गोष्टही सांगून टाकतो. कायद्याच्या नजरेत सगळेच नोकर ‘कामगार’ नसतात. एका पतसंस्थेचा शाखाधिकारी माझ्या बाकड्यावर बसून लहान मुलासारखा रडला. त्याचा वरचा साहेब त्याला सगळ्यांसमोर उभं करून ठेवायचा. पण त्याच्या हाताखाली माणसं होती, म्हणून कामगार न्यायालयाचं दार त्याला बंद. वकीलबाई दिवाणी दावा लावा म्हणाल्या, त्याला तेवढा दम नव्हता. त्याचा राजीनामा मी टाईप केला, खरं कारण घालून. मला त्याच्यासाठी एवढंच करता आलं. अलीकडे कामगार कायद्यांच्या नव्या संहिता आल्या आहेत, नावं आणि कलमं बदलली आहेत, तेव्हा माझ्या बोलण्यावर न जाता आजचं काय ते जाणत्याला विचारावं.

छबूबाईचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. ती अक्कलकोट रोडच्या कारखान्यांमध्ये झाडलोट करू लागली. पेशंटचं काम तिनं पुन्हा कधी धरलं नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात आजारी म्हाताऱ्या बाई होत्या, चांगलं काम होतं, मी दोनदा सांगून पाहिलं. ती ‘नगं मामा’ म्हणाली आणि विषय बदलला. मला वाटलं, बाईचा त्या कामावरचा जीव उडाला.

मात्र माझ्याकडे ती येत राहिली, आणि एकटी कधीच नाही. कारखान्यात झाडताना तिच्या कानावर सगळं पडायचं. कुणी शिलाई मशीनवर बसून डोळे पुसतंय, कुणी बाथरूममधून बाहेर येत नाही. ती अशा बाईला हाताला धरून आणायची, बाकड्यावर बसवायची आणि मला म्हणायची, हिचा राजीनामा लिवू नका, आदी इचारा. दर दोन-तीन महिन्यांनी एक तरी. तिच्यामुळे माझं दुकान जवळजवळ तक्रारींचंच दुकान झालं. ज्या बाईचं मी नुकसान केलं होतं तीच मला गिऱ्हाईक आणून देत होती, आणि याबद्दल आम्ही दोघं कधी एक अक्षर बोललो नाही. बोलायची माझी हिंमत नव्हती. तीन प्रश्न मी साऱ्या सोलापूरला विचारले, तिला मात्र विचारले नाहीत.

आली की मी समोरच्या टपरीतून चहा मागवायचो. तिची एक सवय होती. कप पुढे केला की ती हातात घेत नसे. म्हणायची, ठिवा तितं. मी टेबलावर ठेवला की मग उचलायची. पैसे द्यायचे असले तरी टेबलावर ठेवायची, कागद घ्यायचा तर टेबलावरून. मी तिची चेष्टाही करायचो, कुणाचं सोवळं पाळताय, छबूबाई? ती हसायची आणि पदर तोंडाला लावायची. मला ती गंमतच वाटायची.

दुकान बंद करण्याच्या साधारण दीड वर्ष आधी तिनं श्रीलताला आणलं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात ती कॉम्प्युटरवर काम करायची. वय तेवीस-चोवीस, घरात तेलुगू बोलणारी, वडील मागावर टॉवेल विणणारे. तिचा मॅनेजर ऑफिसच्या ग्रुपवर रोज तिला ‘बिनडोक’ लिहायचा, चुकलेला कागद हातात धरून शिलाई विभागात उभं करायचा आणि चूक दाखवायच्या निमित्तानं खुर्चीमागे उभा राहून खांद्यावर हात ठेवायचा. हे सगळं तिनं खाली मान घालून सांगितलं. मी विचारलं, राजीनामा द्यायचाय का? ती म्हणाली, “दिला, मामा. सकाळी अकरालाच मेल केला.”

तिनं मोबाईल पुढे केला. इंग्रजीत होता, इंटरनेटवरून उचललेला तयार मजकूर. वैयक्तिक कारणास्तव. आपल्या संस्थेत काम करण्याची संधी मिळाली याबद्दल मी ऋणी आहे. माझा नमुना मी फाडला, पण तो आता प्रत्येकाच्या खिशात होता.

छबूबाईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण तो मजकूर तिला पाठ होता. ती म्हणाली, “मामा, आता काय न्हाय का व्हायाचं?”

मी जिन्यानं धडपडत वर गेलो. वकीलबाईंनी एकच विचारलं, मंजुरीचं पत्र आलं का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, राजीनामा मंजूर होईपर्यंत मागे घेता येतो. आत्ताच्या आत्ता मागे घेतल्याचा मेल करा, मग कागद नेऊन द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे आपल्या प्रतीवर ‘मिळाले’ अशी सही, तारीख आणि शिक्का. आमच्या धंद्यात पोच नसलेला कागद दिला काय अन् न दिला काय, सारखाच.

मेल दहा मिनिटांत गेला. मग मी कागद टाईप केला. मी सकाळी दिलेला राजीनामा मागे घेत आहे, तो मी मॅनेजरच्या त्रासाला कंटाळून दिला होता. खाली बारा प्रसंग, तारखेसकट. तारखा तिच्या मोबाईलमधल्या ग्रुपवर होत्याच, साहेबानं आपल्या हातानं पुरावा लिहून ठेवला होता. रिक्षा करून आम्ही तिघं कारखान्यात गेलो. आवक-जावक सांभाळणाऱ्या कारकुनानं कागद पाहिला आणि आत जाऊन आला. म्हणाला, साहेब पोच द्यायची नाही म्हणतात, राजीनामा मंजूर झालाय म्हणतात. मी म्हटलं, मंजुरीचं पत्र दाखवा. ते नव्हतं.

तेव्हा छबूबाई पुढे झाली. हा कारकून तिला रोज बघत होता, त्याच्या टेबलाखालचा कचरा तीच काढायची. तिनं आवाज चढवला नाही. “दादा, मला कुनी पोच दिली न्हवती,” ती म्हणाली, “मला कुनी इचारलंच न्हवतं. ह्या पोरीला द्या. तुमचं काय जातंय?”

कारकुनानं कागद पुन्हा एकदा वाचला. मग त्यानं ड्रॉवर उघडला, शिक्का काढला आणि मारला. खाली सही, तारीख, वेळ. साहेबानं नको म्हटल्यावर असा शिक्का मारणं किती अवघड असतं ते नोकरी केलेल्या कुणालाही कळेल. त्या माणसाला मी मनात नमस्कार केला. खात्री म्हणून त्याच दुपारी रजिस्टर पोस्टानंही एक प्रत पाठवली.

मग रीतसर सगळं झालं. त्या कारखान्यात पन्नासेक बायका होत्या आणि समितीचा पत्ता नव्हता. वकीलबाईंच्या नोटिशीनंतर मालकाला एकदम कायदा आठवला आणि समिती बसली. शिलाई विभागातल्या चार बायकांनी श्रीलताच्या बाजूनं सांगितलं. त्यांना चहाच्या सुट्टीत एकेक करून कुणी तयार केलं, ते मी सांगायला नको. मॅनेजरला लेखी माफी मागावी लागली आणि ऑफिसातून त्याची उचलबांगडी होऊन तो गोदामाकडे गेला. त्याला काढलं नाही, म्हणून छबूबाई थोडी नाराज होती. श्रीलता तिथं आणखी सात महिने ताठ मानेनं काम करून बाहेर पडली. राजीनामा टाईप करायला माझ्याकडेच आली आणि म्हणाली, मामा, कारण लिहा: पुण्यात जास्त चांगली नोकरी मिळाली. इतका आनंद मला कुठल्याही कागदानं दिला नव्हता.

गेल्या वर्षी मी दुकान बंद केलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि लोक आता मोबाईलवरच बोलून टाईप करतात. मधल्या काळात घेतलेला कॉम्प्युटर विकला. जुनं मशीन घ्यायला कुणी तयार नव्हतं, ते टेबलावर तसंच होतं. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी छबूबाई आली. खटल्यानंतर पहिल्यांदाच तिच्याबरोबर कुणी नव्हतं. बाकड्यावर बसली, पिशवी मांडीवर घेतली.

“मामा,” ती म्हणाली, “माजा राजीनामा लिवून द्या.”

मी विचारलं, झाडलोटीचा? ती म्हणाली, न्हाय, दवाखान्याचा.

मी म्हटलं, छबूबाई, तो दवाखाना राहिला नाही, तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. मॅनेजर कुठं आहे ते देव जाणे. त्या कागदाचा आता काय उपयोग? ती म्हणाली, उपेग नसू दे, खरं तरी असू दे की.

मी मशीनवरचं फडकं काढलं. कागद लावला, कार्बन लावला, दुसरा कागद लावला.  मग मी तिला तेच विचारलं जे सगळ्यांना विचारत आलो होतो. तो नक्की काय म्हणाला? शब्द सांगा.

 ती खाली बघत, हळू पण स्पष्ट बोलली. “तीन नंबरच्या खाटंवर एक आजी हुत्या. मी त्यास्नी चमच्यानं पेज भरवत हुते. त्यो आला आन् म्हनला, हिच्या हाताला मेंढरांचा वास येतोय. हिला पेशंटला हात लावू देऊ नका. समद्यांम्होरं म्हनला. आजींनी त्वांड फिरवलं, मामा. पेज तशीच ऱ्हायली.”

ऐकायला कोण होतं, हा माझा तिसरा प्रश्न होता. तो मी विचारला नाही. टेबलावर ठेवलेले इतक्या वर्षांचे कप माझ्या डोळ्यांसमोर आले, आणि मी केलेली चेष्टा आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला दुकानात पहिल्यांदा थांबवलं नसतं तर हे वाक्य त्या दिवशीच कागदावर आलं असतं. खटला जिंकली असती की नाही ठाऊक नाही, पण निदान ते तिच्या एकटीच्या पोटात राहिलं नसतं.

मी टाईप केलं. एकही शब्द बदलला नाही, शुद्धलेखनसुद्धा तिचंच ठेवलं. शेवटी लिहिलं: ‘या कारणास्तव मी काम सोडत आहे. माझी तक्रार आहे.’ तिनं बोट फिरवत सगळं वाचलं आणि दोन्ही प्रतींवर सही केली, पूर्वीसारखीच, एकेक अक्षर काढत. मी विचारलं, कुणाला पाठवायचं?

ती म्हणाली, “पाठवायचं कुनाला न्हाय. पोच तेवढी तुमी द्या.”

मी पेन घेतलं. तिच्या प्रतीवर लिहिलं, ‘मिळाले’. खाली सही केली, आजची तारीख घातली. माझ्याकडे शिक्का नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद लिहिले, कुणी मला कागद दिला नव्हता. तिनं घडी घालून आपली प्रत पिशवीत ठेवली. माझी प्रत मी काचेखाली त्या उजळ जागेत सरकवली.

तेवढ्यात टपरीवाला चहा टेबलावर ठेवून गेला. मी कप उचलला, तिच्यापुढे धरला आणि धरूनच राहिलो. ती आधी कपाकडे बघत होती, मग माझ्याकडे.  शेवटी तिनं हात पुढे केला आणि माझ्या हातातून कप घेतला.

एक घोट घेऊन म्हणाली, “साकर लई झालीया, मामा.”